दहा वेळा ‘हो’, बेरीज अधिक दोन

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातील मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे अधिकारी आणि समुपदेशक, तसेच हातात प्रश्नावली घेऊन आमच्या माणसांशी बोलायला येणारे पदव्युत्तर विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मराठी शाळेतल्या पोरांना ३४ वर्षं पाढे आणि बेरजा शिकवल्या. माझा धाकटा भाऊ आता ५२ वर्षांचा आहे. तेविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनियानं गाठलं, आणि आई गेल्यापासून तो माझ्याकडेच असतो. घरात सगळे त्याला धाकटा म्हणतात, तो मला अक्का म्हणतो. औषध कसं वाटतं हे विचारणारी तुमची प्रश्नावली आमच्या माणसांपर्यंत कशी पोचते, याबद्दल हे पत्र आहे. ते लिहू का, असं मी त्याला विचारलं. दोन दिवस तो काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यातून आला आणि म्हणाला, “नाव घालू नको. बाकी लिही.” म्हणून खाली कुणाचंच नाव नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची भाषा कन्नड आहे हे मला ठाऊक आहे. तरी मी मराठीत लिहिते. सरकारदरबारी गाऱ्हाणं राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायची मुभा राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं दिलेली आहे, पण त्याहून मोठं कारण असं की या पत्रातली अर्धी गोष्ट भाषेचीच आहे. ती दुसऱ्या भाषेत सांगायला गेले तर नेमकं सांगायचं तेच गळून पडेल. कन्नड शाळेतल्या माझ्या मैत्रिणीनं कन्नड प्रत करून दिली आहे, ती सोबत जोडते. यात सीमावाद शोधू नये. आमच्या घरात हे दुखणं शिरलं त्या रात्री पहिली धावून आली ती कन्नड बोलणारी शेजारीणच होती.

आता ती प्रश्नावली आमच्यापुढे आली त्या दिवसाचं सांगते. मंगळवार होता, आषाढातला. जांबोटीच्या बाजूला पाऊस असा कोसळत होता की दोन एसट्या आल्याच नाहीत. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ओपीडी संपत आली होती. बाकावर बसलो असताना एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. शिकाऊ होत्या, बोलायला गोड. प्रबंधासाठी औषधाबद्दल थोडे प्रश्न विचारायचे आहेत, चालेल का, असं त्यांनी रीतसर विचारलं, सही घेतली. त्यांना मराठी येत नव्हतं. धाकट्याला कन्नड बाजारापुरतं येतं, मनातलं सांगण्यापुरतं येत नाही. तेव्हा मी मध्ये बसले. त्या कन्नडमधून विचारायच्या, मी मराठीत सांगायची, तो मान हलवायचा, मी ‘हौदु’, म्हणजे हो, म्हणायची, त्या खूण करायच्या. दहा प्रश्न, दहा खुणा. पाच मिनिटंही लागली नाहीत.

शिक्षिकेचा स्वभाव, पेपर दिसला की गुण कसे देता ते विचारावंसं वाटतं. त्यांनी कौतुकानं समजावलं. दहापैकी सहा वाक्यं औषधाच्या बाजूची असतात. औषधानं विचार स्वच्छ राहतात, मन शांत होतं, पुन्हा कोसळण्यापासून वाचवतं, अशी. चार वाक्यं विरुद्ध बाजूची. औषधानं मरगळ येते, गुंगीत असल्यासारखं वाटतं, अशी. बाजूच्या वाक्याला ‘खरं’ म्हटलं तर अधिक एक, विरुद्ध वाक्याला ‘खरं’ म्हटलं तर उणे एक. बेरीज शून्याच्या वर गेली की माणसाचा औषधाकडे पाहण्याचा कल चांगला, खाली गेली की वाईट. धाकट्याच्या कागदाखाली अधिक दोन लिहिलं होतं. कल चांगला.

परतीच्या गाडीत, खिडकीतून पाणी आत येत असताना, मी ती बेरीज पुन्हा केली. सहा वाक्यांना ‘हो’, सहा गुण. चार वाक्यांना ‘हो’, चार उणे. सहातून चार गेले, दोन. जो माणूस एकही प्रश्न न ऐकता दहा वेळा मान हलवील त्याचीही बेरीज अधिक दोनच येणार! ‘औषधानं माझे विचार स्वच्छ राहतात’ आणि ‘औषधानं मला गुंगीत असल्यासारखं वाटतं’, दोन्हींना हो. माझ्या वर्गात एखाद्या पोरानं अशी उत्तरं लिहिली असती तर मी त्याला जवळ बोलावून विचारलं असतं, बाळा, प्रश्न वाचलास का? इथे मात्र मीच प्रश्न वाचून दाखवले होते, आणि मलाच ते कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गोठ्याच्या वळचणीला एका करवंटीत ३७ गोळ्या सापडल्या. ओलीनं एकमेकींना चिकटलेल्या. मी त्या मोजल्या, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

त्या डॉक्टरीणबाईंना मी दोष देत नाही. हे पत्र वाचून कुणी तसा अर्थ काढला तर मला वाईट वाटेल. त्यांनी निदान विचारलं तरी. इतक्या वर्षांत धाकट्याला औषध कसं वाटतं हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच होत्या. बाकी सगळ्यांनी विचारलं ते मला, आणि विचारलं तेही एकच: “गोळ्या घेतो ना नीट?”

मग मी पुण्याला शिकणाऱ्या भाचीला कामाला लावलं आणि या प्रश्नावलीबद्दल मिळेल ते मागवून वाचलं. वाचून माझं मत बदललं. मला वाटत होतं, गोळ्या चुकवणारा पकडण्यासाठी केलेलं हे जाळं असावं. तसं नाही. १९८३ साली होगन, अवाड आणि ईस्टवुड या कॅनडातल्या संशोधकांनी ती तयार केली. मुळात तिच्यात ३० वाक्यं, पंधरा बाजूची, पंधरा विरुद्ध. दहा वाक्यांची आवृत्ती नंतरची. वाक्यं चाळली की दिसतं, त्यांचा रोख ‘तुम्ही शिस्तीत वागता का’ याच्यावर नाही. औषध पोटात गेल्यावर आतून कसं वाटतं, याच्यावर आहे. त्याच्या आधी, १९७४ साली, व्हॅन पुटन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं होतं की स्किझोफ्रेनियाची माणसं औषध टाकतात त्यामागे औषधानंच अंगात येणारी अस्वस्थता पुष्कळदा असते, आणि ती इतकी बारीक असू शकते की बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणजे या मोजमापाच्या मुळाशी एक भली गोष्ट होती. ज्याच्या अंगात औषध जातं त्याचं ऐकायचं. ते ऐकणं आमच्यापर्यंत येता येता कुठे सांडलं, ते मी माझ्या परीनं सांगते.

पहिलं सांडलं ते ‘खरं की खोटं’मध्ये. कागदावर ते दोन चौकोन असतात. आमच्याकडे ‘खोटं’ म्हटलं की माणूस कानकोंडा होतो, आपल्यावर खोटेपणाचा आळ आला असं त्याला वाटतं. मी ‘चूक की बरोबर’ म्हणून पाहिलं असतं तर आणखी वाईट झालं असतं, कारण तो शाळेतला शब्द आहे आणि बरोबर उत्तर गुरुजींना हवं असतं तेच असतं हे चौथीतल्या पोरालाही कळतं. समोर पांढरा कोट, शेजारी जिच्या हातचं खायचं ती थोरली बहीण, आणि विचारतात काय, औषध चांगलं आहे ना? ‘हो’ सोडून तो काय म्हणणार होता?

दुसरं, शब्द. २००० साली ऑस्ट्रेलियात अशीच आणखी एक दहा प्रश्नांची मोजपट्टी झाली. करणाऱ्यांत एक कुलकर्णी आडनावाच्या डॉक्टर आहेत हे पाहून मला उगाच आपलं वाटलं. तिच्यात एक वाक्य आहे, की औषधानं मला विचित्र वाटतं, ‘झॉम्बी’सारखं. झॉम्बी म्हणजे काय हे भाचीनं मला सांगितलं. मी धाकट्याला विचारलं, “गोळ्यांनी तुला मेलेल्या माणसागत वाटतं काय?” तो चिडला. “मी मेलोय काय?” मग मीच वेगळं बोलून बघितलं. गुंगी? नाही. सुस्ती? नाही. शेवटी तोच म्हणाला, “बुजगावण्यागत. वारा आला की हात हलतात, मी हलत नाही.” पस्तीस-चाळीस वर्षं मराठी वाचलेली मी, मला हा शब्द सुचला नसता. आमच्याकडे भाताची कापणी जवळ आली की शेतात बुजगावणी उभी राहतात. दिवसभर त्यांच्याकडे बघत बसलेल्या माणसालाच तो सुचायचा.

म्हणून माझं म्हणणं आहे की या प्रश्नावल्यांचं मराठी आमच्या माणसांबरोबर बसून व्हावं. भाषांतर करायचं, ते दुसऱ्याकडून उलट मूळ भाषेत आणून ताडून बघायचं, मग काही रुग्णांना वाचून दाखवून ‘तुम्हाला यातून काय कळलं’ असं विचारायचं, ही रीत संशोधनात रुळलेली आहे. ती शेवटची पायरी टाळू नका. बेळगावच्या बाजारपेठेत चालणारं मराठी एक, चोर्ला घाटाच्या अंगाला कणकुंबीकडचं एक, निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायांचं आणखी एक. ‘दुष्परिणाम’ हा शब्द त्यातल्या कुणाच्याच तोंडात नाही. गोळी गरम पडते म्हणतात. गोळी सोसत नाही म्हणतात. अंग जड होतं, डोस्कं बधिर होतं, तोंड कोरडं पडतं म्हणतात. आणि निम्म्या बोलण्यात कन्नड मिसळलेलं असतं. खेड्यात ज्याला खुळा म्हणतात त्यालाच बाजारात हुच्च म्हणतात. पुस्तकी मराठीतला कागद आणलात तर तो आम्हाला अर्धाच आपला वाटेल.

तिसरी गोष्ट मला लिहायला जड जाते, पण तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. नातेवाइकाला दुभाषा करू नका.

कितीतरी वर्षांपूर्वी धाकट्याला नवीन गोळी सुरू झाली आणि तो येरझाऱ्या घालू लागला. जेवताना उठायचा, अंगणातून जाऊन यायचा, पुन्हा बसायचा, पुन्हा उठायचा. रात्री पाय आपटायचा. मला म्हणायचा, “अक्का, पिंढरीत किडं वळवळत्यात.” मी घाबरले. किडे म्हटलं की मला वाटलं, दुखण्यानं पुन्हा डोकं वर काढलं, याला भास होताहेत. डॉक्टरांना मी कन्नडमध्ये तेच सांगितलं: त्रास वाढलाय, नसलेलं दिसतंय-जाणवतंय, एका जागी ठरत नाही. गोळी वाढली. येरझाऱ्या वाढल्या. पाचव्या दिवशी तो विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याला समोर बसवून, पायांकडे बघत, सावकाश विचारलं आणि म्हणाले, हे दुखणं नव्हे, हे औषधाचं आहे. अकॅथिशिया. गोळी कमी केली, जोडीला दुसरी दिली, आठवड्यात पाय थांबले. व्हॅन पुटननी १९७४ साली लिहिलेली गोष्ट आमच्या अंगणात घडली होती, आणि ती तुमच्यापर्यंत उलटी पोचवणारी मी होते. ‘किडे वळवळतात’ हे जर माझ्या तोंडून न जाता त्याच्या शब्दांत केसपेपरवर उतरलं असतं, तर विहिरीपर्यंत गोष्ट गेली नसती.

आणि जे बहिणीला सांगताच येत नाही, त्याचं काय? या औषधांनी पुरुषांच्या खासगी तक्रारी होतात. रिस्पेरिडोनसारख्या औषधानं शरीरातलं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढून बायकांची पाळी बंद होते, कधी बाळ नसताना छातीत दूध येतं. ओळखीतल्या एका सुनेनं गोळ्या का टाकल्या हे तिनं मला सहा महिन्यांनी सांगितलं, तेही नदीवर, एकटी असताना. पाळी थांबली म्हणून सासरी दिवस गेल्याचे पेढे वाटायची तयारी झाली होती. दवाखान्यात तिच्या शेजारी सासू बसायची. तुम्ही विचारलंत, “औषधाचा काही त्रास?” ती म्हणाली, “नाही.” तुमच्या कागदावर ‘नाही’ची खूण झाली असेल.

मराठी येणारी एखादी नर्स, आशा कार्यकर्ती, समाजसेविका, अगदी दवाखान्यातला शिपाईसुद्धा चालेल, जर त्याला गुप्तता कशी पाळायची ते शिकवलं तर. आम्हा घरच्यांना दहा मिनिटं बाहेर बसवा. आम्ही रागावलो तरी बसवा.

एका वाक्याबद्दल मी वेगळं लिहिते. दहा प्रश्नांत एक असा असतो, की मी औषध स्वतःच्या मर्जीनं घेतो. धाकट्यानं त्यालाही मान हलवली होती. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

सुरुवातीच्या वर्षांत तो गोळी घ्यायचाच नाही. मग बिनचवीचे थेंब मिळाले, आणि आई ते नाचण्याच्या आंबिलात घालू लागली. आई थकल्यावर मी घालू लागले. तीन वर्षं. घर शांत होतं. तो शेतात जायचा, हसायचासुद्धा. एका सकाळी त्यानं मला चुलीपाशी बाटलीसकट पाहिलं. ओरडला नाही. ताटली ठेवली आणि उठून गेला. त्यानंतर चार महिने तो आमच्या घरचं काही जेवला नाही. शेजाऱ्यांकडे, देवळात, जत्रेत, मिळेल तिथे खायचा. ‘माझ्या अन्नात काहीतरी घालतात’ ही त्याची जुनी शंका. तिला तुम्ही आजाराचं लक्षण म्हणता. आमच्या घरात ती खरी करून दाखवली आम्हीच. या भागात हे किती घरांत चालतं ते मी सांगू शकत नाही, पण ज्या घरांत चालतं तिथे ‘स्वतःच्या मर्जीनं’ या चौकोनातली खूण कशाची म्हणायची? अशा घरांना दम देऊ नका, ती घरं घाबरलेली असतात. पण विचारा. आणि थेंब थांबवून बोलणं सुरू करायला मदत करा, कारण ते आम्हाला एकट्यानं जमत नाही.

हे सगळं वाचून मी औषधाच्या विरोधात आहे असं कुणाला वाटू नये, म्हणून स्पष्ट लिहिते. गोळ्या बंद झाल्या तेव्हा तेव्हा काय होतं ते मी पाच वेळा पाहिलंय. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात औषधांच्या ६५ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. त्यात बऱ्या झालेल्यांपैकी औषध चालू असणाऱ्यांत वर्षभरात २७ टक्क्यांचं दुखणं उलटलं, औषधाच्या जागी नुसती रिकामी गोळी मिळालेल्यांत ६४ टक्क्यांचं. हा फरक म्हणजे आमच्यासाठी शेत राहणं आणि शेत विकणं एवढा आहे. पण अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, १,४९३ रुग्णांच्या, २००५ साली दिसलं की दीड वर्षाच्या आत ७४ टक्के लोकांचं सुरू करून दिलेलं औषध या ना त्या कारणानं थांबलं. तिथे तर सगळं होतं, गाडी, रस्ता, त्यांच्याच भाषेतला डॉक्टर. तेव्हा गोळी टाकणं हा आमच्या अडाणीपणाचा दोष समजू नका.

समज आणि कल यांची गल्लतही करू नका. धाकटा आजही म्हणत नाही की मला आजार आहे. त्याच्या मते ते बाहेरचं आहे, कुणाच्या तरी नजरेचं. देवरुषी झाले, सौंदत्तीला यल्लम्माकडे जाऊन आलो. पण आता तो रात्रीची गोळी स्वतःच्या हातानं घेतो. का, विचारलं तर म्हणतो, “गोळी खाल्ली की ते हळू बोलतात. मला झोप लागती.” अँथनी डेव्हिड नावाच्या इंग्लंडमधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९० सालीच मांडलं होतं, की आजार आहे हे कळणं, भास हे भास आहेत हे ओळखणं आणि उपचार स्वीकारणं या एकमेकींत गुंतलेल्या तरी वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरात तिसरी आहे, पहिल्या दोन नाहीत. तुम्ही त्याला ‘समज नाही’ असं लिहून पुढे गेलात तर जे आहे तेही तुमच्या हातून निसटेल.

आणखी एक, थोडक्यात. गोळी चुकते ती दर वेळी मनामुळे नाही. महिन्याच्या गोळ्या संपतात तेव्हा भातलावणी असते, पूल पाण्याखाली असतो, कधी तालुक्याला ती गोळी आलेलीच नसते. एकादशीला गोळी चालते का, हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून महिन्यातून दोनदा ती राहते. आमच्या शेजारच्या गल्लीत रोजे धरणारा एक मुलगा आहे, त्याची सकाळची गोळी महिनाभर राहिली आणि ईदनंतर त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. गावच्या महालक्ष्मी यात्रेत दारू होते, मग घरचेच म्हणतात आज गोळी नको, दोन्ही मिळून काही व्हायचं. हे प्रश्न कॅनडातल्या कागदावर कसे असतील? ते इथल्या माणसानंच घालायला हवेत. एवढं विचारलं तर निम्मी उत्तरं तुम्ही जागच्या जागी देऊ शकाल: सकाळची गोळी रात्री घ्या, उपवासाला पाण्याबरोबर चालेल, पावसाळ्यात दोन महिन्यांच्या घेऊन जा.

दर ३०० माणसांत साधारण एकाला हा आजार असतो असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली सांगितलं होतं. बेळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांच्या वर होता. म्हणजे ढोबळ मानानं १६,००० माणसं. त्यातली पाचातली जवळपास एक मराठी बोलणारी धरा, ३,००० तरी होतात. एका चांगल्या मराठी कागदासाठी ३,००० माणसं कमी नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिलंय की आजार काय, उपचार काय, त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम काय, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत आणि कळेल अशा रूपात सांगितलं पाहिजे. सांगणं एका भाषेत आणि विचारणं दुसऱ्या, असं कसं चालेल? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पाया आपल्याच राज्यात, बळ्ळारीत घातला गेला. तालुक्याच्या दवाखान्यात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ बसण्याची मनोचैतन्य योजनाही आपलीच. जिथे एवढं झालं तिथे हेही होईल असं मला मनापासून वाटतं.

आणि जी बेरीज येईल ती प्रबंधातच ठेवू नका. धाकट्याचा अधिक दोन कुठल्या तरी तक्त्यात गेला असेल, शंभर-दोनशे आकड्यांत मिसळून त्याची सरासरी निघाली असेल. त्याच्या केसपेपरवर मात्र त्यातलं अक्षर आलं नाही. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्या दिवशी कळलंच नाही की दोन खोल्या पलीकडे त्याला औषधाबद्दल विचारलं गेलंय. कागदावर एक ओळ लिहिली असती, ‘सगळ्या प्रश्नांना हो म्हणतो, पुन्हा एकट्याला विचारावे,’ तर करवंटीतली गोष्ट तेवढ्यानं त्याच दिवशी कळली असती. पुढल्या खेपेला ज्याला विचारलंत त्याला त्याचं उत्तरही सांगा. तुम्ही म्हणालात झोप फार येते, म्हणून आम्ही गोळी रात्रीकडे सरकवली. असं एकदा झालं की दुसऱ्यांदा तो खरं बोलेल. पोरांच्या वह्या तपासून परत दिल्या नाहीत तर पोरं लिहायचं थांबवतात, हे मला माझ्या नोकरीनं शिकवलं.

हे पत्र लिहून होत आलं तेव्हा मी धाकट्याला विचारलं, तू डॉक्टर असतास तर औषधाबद्दल काय विचारलं असतंस? तो म्हशीला पेंड कालवत होता. हात न थांबवता त्यानं तीन प्रश्न सांगितले. मी ते त्याच्याच बोलीत उतरवून देते, तुमच्या कागदात जागा असेल तर घाला.

“गोळी खाल्ल्यावर दुपारी उठवत नाही, मग म्हशीकडं कोण बघायचं?”

“गोळी देणारा तोंडाकडं बघून देतोय का हाताकडं?”

“गोळी नको झाली तर कुणाला सांगायचं? ओरडणार नाही असा कोण हाय?”

कळावे,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका